खोडरबर जरा बाजूला ठेवा

सबमिशनचे दिवस आले, की कुठल्याही सायन्स कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये हे दृश्य ठरलेलं. टेबलावर चहाचे ग्लास, मध्ये चार-पाच जर्नल्स उघडी आणि एकाचं बघून बाकीचे भराभर उतरवतायत. कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘अरे, माझं जी ९.२ येतंय.’ त्यावर उत्तर तयार असतं, ‘मग ९.८ लिही आणि उलटं कॅल्क्युलेट करत ये. सर कुठे तपासत बसणारेत?’

ओहमच्या नियमाचा ग्राफ बघा. सगळे पॉइंट्स पट्टीवर बसवल्यासारखे एका रेषेत. लॅबमधली मीटर आपल्या जन्माआधीची, वायरी सैल, बॅटरी अर्धमेली, आणि तरी अख्ख्या वर्गाची रीडिंग्ज पुस्तकातल्यासारखी! एखादा पॉइंट रेषेबाहेर गेलाच, तर त्यासाठी पेन्सिल आणि खोडरबर असतंच. या प्रकाराला आपण चीटिंग म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘रीडिंग अ‍ॅडजस्ट केलं.’ शब्द किती सौम्य आहे बघा. जणू खुर्ची जरा पुढे सरकवली.

मी मास कॉमवाली. अभ्यासक्रमात मला जर्नल नव्हतं. पण या पानासाठी विज्ञानाच्या बातम्या शोधताना अशनींमधल्या वायूंची एक गोष्ट हाती लागली आणि तेव्हापासून ही अ‍ॅडजस्ट करायची सवय मला भयंकर खटकायला लागली. माझं मत स्पष्ट सांगते. न जुळणारं रीडिंग खोडणं हे कॉपी करण्यापेक्षा वाईट आहे. कॉपी करणारा मित्राचं उत्तर ढापतो. रीडिंग खोडणारा मात्र समोर आलेली माहितीच नष्ट करतो, आणि ती परत कुणालाच मिळत नाही.

‘एका रीडिंगने असं काय बिघडणार?’ असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. सूर्य जन्मायच्या आधीची धूळ आज माणसाला प्रत्यक्ष हातात धरता येते, याचं कारण काही लोकांनी न जुळणारी रीडिंग्ज खोडली नाहीत.

मिक्सरमधली चटणी

थोडी पार्श्वभूमी. आपली सूर्यमाला सुमारे ४.५७ अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या ढगातून तयार झाली. हा ढग आला कुठून? आधी जन्मून मेलेल्या असंख्य ताऱ्यांच्या उरलेल्या मालातून. एकोणीसशे साठच्या दशकापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांचं मत असं होतं, की सूर्यमाला बनताना हा ढग इतका तापला की जुन्या धुळीची वाफ झाली, सगळं एकत्र घुसळलं गेलं आणि मग थंड होताना नवे खडक बनले. म्हणजे मिक्सरमधून बारीक वाटलेली चटणी. कुठूनही चमचाभर घ्या, चव तीच लागणार. त्यात अख्खा शेंगदाणा सापडायची अपेक्षा कुणी ठेवत नाही.

ही चव तपासायची कशी? समस्थानिकांवरून. अकरावी-बारावीत हे केलेलं असेल. मूलद्रव्य एकच, प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमी-जास्त, म्हणून वजन वेगळं. झेनॉन या वायूचे निसर्गात नऊ समस्थानिक मिळतात. सर्वांत हलका झेनॉन-१२४, सर्वांत जड झेनॉन-१३६. हवेतला झेनॉन घेतला, तर या नऊ भावंडांचं एकमेकांशी प्रमाण ठरलेलं असतं. चटणीची थिअरी बरोबर असेल, तर अशनीतल्या झेनॉनमध्येही साधारण तेच प्रमाण दिसायला हवं.

आता अशनीच का? कारण पृथ्वीवरचे खडक अनेकदा वितळले, दाबले गेले, पुन्हा घडले. त्यांची मूळची ओळख पुसली गेली. पण काही अशनी, विशेषतः कार्बनयुक्त प्रकारातले, बनल्यापासून कधी वितळलेच नाहीत. सूर्यमालेचा कच्चा माल त्यांच्यात बऱ्यापैकी जसाच्या तसा राहिला.

आणि निष्क्रिय वायूच का? हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन ही मंडळी कुणाशी सहसा मैत्री करत नाहीत. संयुगं बनवत नाहीत, त्यामुळे खडक तयार होताना ती बाहेरच राहतात. अशनीत झेनॉन असतो तो वजनाने एक अब्जांशापेक्षाही कमी. ऐकायला ही अडचण वाटते, पण हाच फायदा आहे. संध्याकाळी सहाला दादर स्टेशनवर कुणी टाचणी टाकली तर ऐकू येईल का? रिकाम्या खोलीत मात्र येईल. खडकात ऑक्सिजन किंवा सिलिकॉन इतका ठासून भरलेला असतो, की बाहेरून आलेले चार वेगळे अणू त्यात बुडून जातात. झेनॉनच्या बाबतीत खोली जवळजवळ रिकामीच असते. म्हणून पाहुणा आला की लगेच कळतं.

हिशेब जुळेना

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जॉन रेनल्ड्स नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. अगदी नगण्य वायू मोजता यावा म्हणून त्यांनी काचेचा एक मास स्पेक्ट्रोमीटर बनवला होता. १९६० साली त्यांनी रिचर्डटन नावाच्या अशनीतला वायू मोजला. नऊपैकी एक भावंड, झेनॉन-१२९, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं.

याचा उलगडा तसा लवकर झाला. आयोडीनचा एक किरणोत्सारी समस्थानिक आहे, आयोडीन-१२९. तो हळूहळू झेनॉन-१२९ मध्ये बदलतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षं, म्हणजे सूर्यमालेच्या वयाच्या मानाने काहीच नाही. तो आज शिल्लक नाही. पण अशनी बनला तेव्हा तो जिवंत होता आणि जाताना आपली खूण ठेवून गेला. याचा अर्थ कुठल्यातरी ताऱ्यात हे आयोडीन तयार झालं आणि त्यानंतर फार काळ जायच्या आत सूर्यमाला बनली.

इथपर्यंत चटणीची थिअरी शाबूत होती. पण १९६४ मध्ये रेनल्ड्स आणि ग्रेनव्हिल टर्नर यांनी रेनाझो या अशनीचा अभ्यास केला, तेव्हा झेनॉनचे जड समस्थानिकही चुकीच्या प्रमाणात निघाले. हे काही आयोडीनने समजावता येईना.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. अशनीचा तुकडा एकदम वितळवायचा नाही. आधी थोडा तापवायचा, निघालेला वायू मोजायचा. मग आणखी तापवायचा, पुन्हा मोजायचा. दगडाचे वेगवेगळे घटक वेगवेगळ्या तापमानाला वायू सोडतात, त्यामुळे एकत्र मोजल्यावर जे लपतं ते टप्प्याटप्प्याने उघडं पडतं. एकदम तापवून एकच सरासरी आकडा काढला असता, तर हा वेगळा झेनॉन दिसलाही नसता. आपण तीन रीडिंग घेऊन अ‍ॅव्हरेज काढतो ना, तिथे कधीकधी काय हरवतं याचा विचार करा.

१९६९ मध्ये डेव्हिड ब्लॅक आणि रॉबर्ट पेपिन यांनी हेच निऑनवर केलं. हवेतल्या निऑनमध्ये निऑन-२० असतो नव्वद टक्क्यांच्या वर आणि निऑन-२२ साधारण नऊ टक्के. कार्बनयुक्त अशनी तापवताना मात्र एका टप्प्यावर निऑन-२२ चं पारडं विचित्र जड झालं. माहीत असलेल्या कुठल्याही निऑनशी ते प्रमाण जुळत नव्हतं. या परक्या निऑनला नाव मिळालं निऑन-ई. आणि १९७२ मध्ये ब्लॅक यांनी सरळ लिहिलं, की हा वायू सूर्यमालेच्या आधीच्या कणांमध्ये अडकून आलेला असू शकतो.

म्हणजे मिक्सरच्या चटणीत अख्खा शेंगदाणा.

पण शंका घ्यायची की नाही?

इथे तुमच्यातला हुशार विद्यार्थी हात वर करेल. ‘मॅडम, दहापैकी नऊ वेळा विचित्र रीडिंग म्हणजे लूज कनेक्शनच असतं. प्रत्येक वेळी नवा शोध लागल्यासारखं नाचायचं का?’

अजिबात नाही. आणि ती मंडळीही नाचली नाहीत. एवढ्याशा वायूचं मोजमाप करताना बाहेरची हवा शिरली असेल, यंत्रात आधीच्या नमुन्याचा वायू राहिला असेल, वैश्विक किरणांच्या माऱ्याने दगडातच नवे अणू बनले असतील. या सगळ्या शंका घेतल्या गेल्या. हवा शिरली असती, तर प्रमाण हवेच्या दिशेने सरकलं असतं. वैश्विक किरणांमुळे कुठले समस्थानिक किती बनतात, तेही माहीत होतं. हा नमुना त्यात बसत नव्हता. शिवाय तो एकाच दगडात किंवा एकाच लॅबमध्ये दिसत होता असंही नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या शतकांत पडलेल्या अशनींमध्ये तीच खोड पुन्हा पुन्हा सापडत होती.

माझा मुद्दा नेमका हाच आहे. विचित्र रीडिंग खरं असतं असं माझं म्हणणं नाही. ते तपासायचा हक्क आणि जबाबदारी आपली आहे, आणि खोडलेलं रीडिंग तपासताच येत नाही. लूज कनेक्शन असेल तर तेही सापडू दे की! ‘वायर सैल होती, घट्ट केल्यावर रीडिंग सुधारलं’ हे वाक्य जर्नलमध्ये लिहिणारा विद्यार्थी मला ९.८ लिहिणाऱ्या वीस जणांपेक्षा जास्त शिकलेला वाटतो.

उत्तर चुकलं तरी चालेल

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात मोठी माणसं चुकतात.

जड झेनॉन जास्त का, या प्रश्नावर शिकागो विद्यापीठाच्या एडवर्ड अँडर्स यांचं म्हणणं होतं, की हा एखाद्या अतिजड मूलद्रव्याच्या विखंडनाचा परिणाम असावा. आवर्तसारणीत ११४-११५ क्रमांकाच्या आसपासचं, आता नामशेष झालेलं मूलद्रव्य. युरेनियमसारखे जड अणू फुटतात तेव्हा जड झेनॉन बनतोच, त्यामुळे कल्पना वेडगळ नव्हती. उलट भलतीच आकर्षक होती.

पण १९७२ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या रोला इथल्या ऑलिव्हर मॅन्युएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अडचण दाखवली. जिथे जड झेनॉन जास्त होता, तिथे हलका झेनॉनही जास्त होता. दोघं जोडीनेच वाढत होते. विखंडनाने झेनॉन-१३६ बनेल, पण झेनॉन-१२४ बनणार नाही. म्हणजे हे दोन्ही टोकांचे समस्थानिक ताऱ्याच्या स्फोटात तयार झाले असले पाहिजेत, असा त्यांचा दावा होता.

वाद बरीच वर्षं चालला. पण अँडर्स यांच्या गटाने नुसता वाद घातला नाही, एक कसोटी लावली. अतिजड अणू फुटून झेनॉन बनला असेल, तर त्याच ठिकाणी शेजारच्या बेरियम या मूलद्रव्यातही तशीच खूण सापडायला हवी. त्यांनी ती शोधली. सापडली नाही. आणि १९८३ मध्ये या गटाने आपल्याच कल्पनेविरुद्धचा हा पुरावा ‘सायन्स’ या नियतकालिकात स्वतःच्या नावाने छापला. शीर्षकातच लिहून टाकलं, की हा अतिजड मूलद्रव्याविरुद्धचा पुरावा आहे.

विचार करा. दहा-बारा वर्षं जे मत जगभर मांडलं, ते मागे घ्यायला किती जीवावर येत असेल! पण त्यांच्या बाबतीत रीडिंग जागेवर राहिलं आणि थिअरी बदलली. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये बरोबर उलटं होतं. थिअरी जागेवर राहते आणि रीडिंग बदलतं.

गंजी जाळून टाकली

आता प्रश्न असा, की हा परका वायू दगडाच्या नेमक्या कुठल्या कणात बसलाय? ८ फेब्रुवारी १९६९ च्या पहाटे मेक्सिकोच्या चिवावा राज्यात आयेंदे नावाचा प्रचंड अशनी पडला. त्याचे सुमारे दोन टन तुकडे गोळा झाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ दुसरा पडला, शंभर किलोच्या वर. चंद्रावरचे खडक येणार म्हणून लॅब्ज आधीच सज्ज होत्या. नशीब म्हणतात ते हे.

रॉय लुईस, बी. श्रीनिवासन आणि अँडर्स यांनी आयेंदेचा तुकडा घेतला आणि चक्क हायड्रोफ्लोरिक आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून टाकला. दगडाचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग गेला. तळाशी राहिला थोडासा काळा गाळ. आणि गंमत म्हणजे मूळचा बहुतेक झेनॉन त्या गाळात तसाच होता! १९७५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मग त्या गाळावर नायट्रिक अ‍ॅसिडचा प्रयोग केला, तेव्हा साधा झेनॉन निघून गेला आणि परका झेनॉन मागे राहिला. अँडर्स या पद्धतीला गवताच्या गंजीतली सुई शोधायला गंजीच जाळण्याची उपमा द्यायचे.

पुढची बारा वर्षं काय केलं? विरघळव, धू, मोज. पुन्हा विरघळव, धू, मोज. प्रत्येक टप्प्यावर परका वायू कुठे गेला याचा माग काढायचा. वायू हा जणू गुन्हेगाराच्या खिशातला चालू मोबाइल होता. शेवटी १९८७ मध्ये शिकागोच्या गटाला तो कण सापडला. हिरा! दोन-तीन नॅनोमीटरचे, साध्या सूक्ष्मदर्शकाला कधीच न दिसणारे हिरे. त्याच वर्षी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले अर्न्स्ट झिनर आणि सहकारी यांना मरे नावाच्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे सूर्यपूर्व कण मिळाले. १९९० मध्ये साचिको अमारी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइट शोधलं.

सूर्यमालेचा ढग पूर्ण घुसळला गेला होता, ही समजूत अशा रीतीने मोडली. काही शेंगदाणे मिक्सरमधून सहीसलामत सुटले होते.

धुळीला पत्ता असतो

आणि हे कण आले कुठून, तेही वायूच सांगतो.

सिलिकॉन कार्बाइडमधल्या झेनॉनचं प्रमाण तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या पोटात मंद गतीने न्यूट्रॉन शोषून जे बनतं, त्याच्याशी जुळतं. ताऱ्यांमध्ये मूलद्रव्यं अशी बनत असतील, हे १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी कागदावर मांडलं होतं. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. एकवीस वर्षांनी, १९७८ मध्ये, श्रीनिवासन आणि अँडर्स यांनी मर्चिसनच्या गाळात तो झेनॉन मोजून दाखवला. कागदावरचा तारा परीक्षानळीत उतरला.

ग्रॅफाइटमधल्या निऑन-२२ ची गोष्ट तर आणखी भारी. सोडियम-२२ हा किरणोत्सारी अणू निऑन-२२ मध्ये बदलतो, आणि त्याचं अर्धायुष्य आहे फक्त २.६ वर्षं. अब्जांच्या हिशेबात ही डोळ्याची पापणीही लवायची वेळ नाही. निऑन हा वायू स्वतःहून ग्रॅफाइटच्या कणात शिरून बसणार नाही. म्हणजे सोडियम जिवंत असतानाच तो कणात अडकला आणि आत त्याचा निऑन झाला. थोडक्यात, ताऱ्याचा स्फोट झाल्यावर काही वर्षांतच तो कण गोठला असणार. हे असं घडू शकतं, असं डोनाल्ड क्लेटन यांनी १९७५ मध्येच सुचवलं होतं. कण हातात यायला आणखी पंधरा वर्षं लागली.

२०२० मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या फिलिप हेक यांच्या गटाने मर्चिसनमधल्या सिलिकॉन कार्बाइडच्या ४० कणांचं वय काढलं. पुन्हा निष्क्रिय वायूच कामी आला. अवकाशात फिरताना कणावर वैश्विक किरण आदळतात आणि त्यातून निऑन-२१ बनतो. पर्जन्यमापकात किती पाणी साठलं यावरून पाऊस किती वेळ पडत होता याचा अंदाज घ्यावा, तसं हे. बहुतेक कण सूर्यमालेपेक्षा थोडेच मोठे निघाले, पण काही तब्बल सात अब्ज वर्षांच्या घरात. आजवर माणसाने हाताळलेल्या घन पदार्थांत सर्वांत जुने. त्यासाठी दळलेल्या अशनीच्या लगद्याला कुजक्या पीनट बटरसारखा वास येत होता म्हणे!

सगळं सुटलंय असं समजू नका. त्या नॅनोहिऱ्यांचंच घ्या. दहा लाख हिऱ्यांत साधारण एकात झेनॉनचा अणू सापडतो. मग बाकीचे ९ लाख ९९ हजार खरंच दुसऱ्या ताऱ्याचे, की आपल्याच सूर्यमालेत बनलेले? त्यांच्या कार्बनचं प्रमाण तर आपल्याकडच्यासारखंच आहे. वाद सुरू आहे. ज्यामुळे हिरे सापडले, तो झेनॉन नेमका कुठल्या स्फोटातून आला, याचंही सर्वमान्य उत्तर अजून नाही. आणि कुणी ते ‘अ‍ॅडजस्ट’ करून टाकलेलं नाही.

आपण काय करू शकतो?

‘हे सगळं बर्कली-शिकागोत ठीक आहे. आम्हाला वीस मार्कांचं प्रॅक्टिकल आहे,’ असं तुम्ही म्हणाल. मान्य. या लेखासाठी काही सायन्सवाल्या मित्रमैत्रिणींशी बोलले, तेव्हा सगळ्यांचा सूर एकच होता. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर मार्क कापतात. मग पोरं काय करणार? दोष फक्त विद्यार्थ्यांचा नाही, आणि मी त्यांना नैतिकतेचे डोस पाजायला बसलेली नाही. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक ९.२ ला चार मार्क आणि बनावट ९.८ ला आठ मार्क मिळतात, तिथे ९.८ च येणार.

म्हणून पहिली मागणी शिक्षकांकडे. सर, मॅडम, उत्तराला मार्क कमी आणि कारणाला जास्त द्या. व्हायवात एकच प्रश्न विचारा, ‘तुझं कुठलं रीडिंग जुळलं नाही आणि तुला काय वाटतं, का?’ हा प्रश्न कॅन्टीनमध्ये कॉपी करता येत नाही. यासाठी नवी मशिनरी लागत नाही, फंड लागत नाही, विद्यापीठाचं परिपत्रकसुद्धा लागत नाही.

दुसरी मागणी तुमच्याकडे. रीडिंग पेनाने लिहा. चुकलं वाटलं तर एक रेघ मारा, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी तारीख आणि शंका लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आर्ट्स, कॉमर्स, मास कॉमवाल्यांनो, गालात हसू नका. आपलं खोडरबर वेगळं आहे इतकंच. प्रोजेक्टसाठी पन्नास जणांकडून फॉर्म भरून घेतले आणि पाच जणांची उत्तरं निष्कर्षाला छेद देणारी निघाली, की ‘डेटा क्लीन केला’ म्हणून ती गाळायची. स्टोरीचा अँगल आधी ठरवायचा आणि मग मुलाखतीतलं जे वाक्य त्यात बसत नाही ते वेळेअभावी कापायचं. आमच्या क्षेत्रात तर हे रोज होतं, आणि त्याची किंमत मार्कांत मोजली जात नाही. ज्या पाच जणांचं म्हणणं गाळलं जातं, त्यांचं अस्तित्वच बातमीतून जातं. उद्या कुणी त्या विषयाचा मागोवा घ्यायला बसलं, तर त्याला तो धागा कधीच सापडणार नाही.

नोकरीत गेल्यावर हीच सवय सोबत येते. औषधाच्या चाचणीचा रिपोर्ट, पुलाच्या काँक्रीटची तपासणी, पाण्याचा नमुना. तिथेही कुणीतरी एक न जुळणारा आकडा हातात धरून बसलेलं असतं आणि शेजारचा म्हणत असतो, ‘कर ना यार अ‍ॅडजस्ट.’ तिथे बसणारा माणूस आज आपल्याच कॉलेजच्या लॅबमध्ये शिकतोय.

६ जून २०१७ ला जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावात एका शेतात अशनी पडला. तो मर्चिसनच्याच जातीचा, म्हणजे कार्बनयुक्त आणि आदिम. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत अशनींमधले निष्क्रिय वायू मोजायची सोय आहे. म्हणजे दगड इथे आहे, यंत्रं इथे आहेत, हुशार पोरं तर आहेतच. त्या यंत्रापुढे बसायची पाळी तुमच्यापैकी कुणावर तरी येणार आहे. स्क्रीनवर एखादा आकडा रेषेच्या बाहेर उमटेल. तेव्हा तुमचा हात आधी कशाकडे जाईल, हे या सेमिस्टरच्या जर्नलमध्येच ठरतंय.